पंचवीस रुपयांचं तिकीट

घड्याळ दुरुस्त करणाऱ्यावर आणि सोनारावर गिऱ्हाईक जन्मात विश्वास ठेवत नाही. सोनाराचं सोनार जाणे, माझ्यावर ठेवत नाहीत हे मी रोज बघत होतो. शिरूरला एस.टी. स्टँडकडून बाजारपेठेत शिरलं की डाव्या हाताला माझं दुकान. लोक घड्याळ काउंटरवर ठेवायचे, पण त्याच्यावरचं बोट काढायचे नाहीत. "आतलं मशीन बदलू नका बरं का, हौसराव," हे रामरामाच्या आधी. जसा काही सासऱ्यानं लग्नात दिलेल्या त्या घड्याळात कोहिनूरच बसवलेला होता.

मीही काही कमी नव्हतो म्हणा. विश्वास तर पानिपतातच गेला, असं आमचे वडील म्हणायचे आणि त्यांची एवढी एकच गोष्ट मी मनावर घेतली होती. त्यात मला जुन्या पोस्टाच्या तिकिटांचा नाद. डोळ्याला लावायचं भिंग, चिमटा आणि बेंझिन, घड्याळाला जे लागतं तेच तिकिटालाही लागतं, म्हणून हा नाद फुकटात जमला. काउंटरच्या काचेखाली मी काही तिकिटं मांडून ठेवली होती. ती बघून कोणी ना कोणी आजोबांच्या ट्रंकेतली तिकिटं घेऊन यायचं, आणि दहातली नऊ लबाडीची निघायची. शिक्का धुऊन काढलेला, मागं नवा डिंक फासलेला, कडेचे झिजलेले दात ब्लेडनं सारखे केलेले. तिकिटात जेवढी लबाडी चालते तेवढी दुधातही चालत नाही. त्यामुळं कोणीही तिकीट पुढं केलं की मी आधी तिकिटाकडं नाही, माणसाकडं बघायचो.

दुष्काळ सरला त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. एक म्हातारी दुकानासमोर थांबली. स्वच्छ पांढरं नऊवारी लुगडं आणि पायात कॅनव्हासचे बूट. असे बूट आमच्याकडं कोणती बाई घालणार? दौंडच्या रेल्वेच्या बंगल्यांत साहेबाची मुलं सांभाळणाऱ्या आया घालायच्या. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

"ही तिकिटं इकायला ठिवलीत का?" तिनं काचेवर बोट ठेवून विचारलं.

"इकतो बी आन् घेतो बी."

"कुणाकडनं बी घेता?"

"ज्याची हायेत त्याच्याकडनं," मी म्हणालो. "चोरीची न्हाई घेत."

तिचा चेहरा ताठ झाला. ती तशीच निघून गेली. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. साहेबाच्या कपाटातलं काहीतरी हिच्याकडं आहे आणि ते खपवायला ही दौंड सोडून शिरूरला आलीय.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, काडेपेटीत तीन तिकिटं घेऊन. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "मी पुतळाबाई. दौंडची. हितं माझी लेक दिलीय, म्हनून आले. चोरीचा माल मी कवा शिवले न्हाई. आता बगा."

काडेपेटी मात्र तिनं हातातून सोडली नाही. एकेक तिकीट स्वतः काचेवर ठेवायची, माझं बघून झालं की उचलायची, मग दुसरं. मी चिमटा पुढं केला तरी तिची मान माझ्या हाताबरोबर फिरायची. मला राग आला, पण गंमतही वाटली. असं गिऱ्हाईक आरशात बघितल्यासारखंच होतं.

"हे बघा," मी सांगितलं, "पयले दात बघायचे. कडंला हे जे बारीक दात असत्यात, त्यातला एक जरी तुटला तरी किंमत गेली. ह्या तिकिटाचे दोन गेलेत. मग उजेडात धरायचं. कागद कुठं पातळ झालाय का, म्हंजी कुणी ओढून काढलंय का ते कळतं. मग मागची बाजू."

"मागं काय बघायचं? चित्र तर म्होरं हाय."

"खरी किंमत मागंच. न वापरलेलं तिकीट असंल तर मागचा डिंक जसा छापखान्यातनं आला तसाच पायजे. कोरा. कुणाचं बोटसुद्धा न लागलेला."

हे मी तिला स्पष्ट सांगितलं होतं. पण तेवढ्यात न्हावऱ्याचा कोंडिबा आला आणि बोलणं तिथंच तुटलं. पुतळाबाईनं त्यातलं किती ऐकलं देव जाणे.

कोंडिबा कांदा पिकवायचा आणि त्याचं घड्याळ दर वर्षी कांद्याच्या हंगामात बंद पडायचं. त्यानं ते माझ्या हातात दिलं नाही, काचेवरच धरून ठेवलं. "आधी झाकण उघडा," म्हणाला. मी उघडलं. त्यानं खिशातून खिळा काढला आणि झाकणाच्या आतल्या बाजूनं आपलं नाव खरवडलं, मग आतल्या पट्टीवरही एक रेघ ओढली. "आता घ्या. आता कसं बदलता बघतो."

"अरं, मशीनवर खिळा फिरवतोस! त्यानंच बिघडंल ते!" मी ओरडलो.

"बिघडू द्या. माझंच ऱ्हाईल ना?" कोंडिबा म्हणाला आणि पावती घेऊन गेला.

पुतळाबाई झाकणावरच्या त्या अक्षरांकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, म्हातारीला घड्याळाचं कौतुक वाटतंय.

तिची तिन्ही तिकिटं सामान्य होती, पण खरी होती. कुठं धुतलेलं नाही, फासलेलं नाही. हे मला अवघड गेलं. लबाड माणूस नमुना म्हणून तीन तिकिटं आणतो तेव्हा त्यातलं एक तरी खोटं असतं. मी म्हटलं, "बाई, ही कुठनं आली ते खरं सांगा. मग पुढचं बोलू."

तिनं सांगितलं. दौंडला रेल्वेच्या एका साहेबाच्या घरी ती आया होती. बाळंतपणापासून लिली बेबीला तिनंच वाढवलं. लिलीला आधी मराठी आलं, मग इंग्रजी. साहेब रिटायर झाला आणि सगळी ऑस्ट्रेलियाला निघाली. जाताना मेमसाहेबानं नोकरांना वस्तू वाटल्या. खानसाम्याला कपाट, माळ्याला सायकल, झाडूवालीला शिवणाचं मशीन. पुतळाबाईच्या हातात तिनं सासऱ्याच्या वेळचा तिकिटांचा अल्बम ठेवला आणि म्हणाली, "पुतला, सबसे अच्छा चीज तुमको."

"सबसे अच्छा," पुतळाबाई म्हणाली. "साऱ्या वस्तीनं दात काडले. झाडूवालीला मशीन आन् हिला कागदाचे कपटे! माझी जाऊ म्हनली, मेमनं तुला चांगली टोपी घातली. मी तिची पोर माझ्या अंगावर वाडवली वो. तिला गोवर निघाला तवा माझी लेक शेजारनीकडं टाकून मी बंगल्यावर बसले."

"मग दौंडात कुणाला दाखवलं न्हाई?"

"दावलं की. ठेसनाभाईर मारुतरावाचं वह्या-पुस्तकाचं दुकान हाय, त्यो बी तिकिटं जमा करतो. त्यानं पानं उलटली आन् म्हनला, रद्दी हाय. पन एका पानावर त्याचा हात आडला, मी बगितलं. मग त्यो सारखा दारात याया लागला. पोरांना खेळाया द्या म्हन्तो. रद्दीसाटी कोन दारात यितं?"

मारुतरावाला मी ओळखून होतो. आम्ही तिकिटांची अदलाबदल करायचो आणि घरी गेल्यावर दोघंही भिंग लावून बसायचो, समोरच्यानं काय गळ्यात मारलं ते शोधत. त्याचा हात अडला असेल तर तिथं काहीतरी होतंच.

"विकायचंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"इकायचं मागनं बगू. मला येवडंच सांगा, तिनं दिलं ते खरं का खोटं. लिलीचं पत्र आलंय, मास्तरांनी वाचून दावलं. नाताळात यिती म्हन्ती, आन् माझ्याच घरात उतरती म्हन्ती. अजून उत्तर धाडलं न्हाई मी. तिच्या आईनं मला फशिवलं आसंल तर मी त्या पोरीला दारात उबी करनार न्हाई. मग ती माझी लिली का आसंना."

मला तिची दया आली, पण दया आली म्हणून मी माणसावर विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, "अख्खा अल्बम आणा. तुमच्या समोर बघतो, ठेवून घेत न्हाई."

"समोर बगता बगता बी हात चालत्यात," ती म्हणाली.

"मग नका आणू!" माझं डोकं फिरलं.

ती दौंडला गेली, आणि पुढच्या बाजारच्या दिवशी अल्बम घेऊन हजर झाली. जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेला, चामडी पुठ्ठ्याचा जाड अल्बम. या वेळी तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. कुलूप लावून आलेल्या माणसाचा निवांतपणा होता. अल्बम तिनं आपण होऊन माझ्याकडं सरकवला आणि म्हणाली, "बगा आता किती बगायचं ते. आता मला भ्या न्हाई."

मी पानं उलटत गेलो. राणीची वापरलेली तिकिटं, संस्थानांची तिकिटं, बरीचशी रोजची. मग एका पानावर बटर पेपरचं छोटं पाकीट दिसलं आणि माझाही हात अडला. आत पंचम जॉर्जचं पंचवीस रुपयांचं तिकीट होतं. नारिंगी आणि निळं. शिक्का नाही. ज्या काळात शिपाई महिन्याला पंचवीस रुपये मिळवत नसेल त्या काळात पंचवीस रुपयांचं तिकीट कोण कोरं ठेवणार? असं तिकीट दिसलं की ते कुठल्यातरी सरकारी कागदावर लावलेलं, मग शाई धुऊन नवा डिंक लावून कोरं केलेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी त्याला सोडलं नाही. भिंगाखाली दात बघितले, एकही तुटका नाही. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून बेंझिनचा थेंब टाकला की कागदातली पाणछाप, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली खूण दिसते, खऱ्याला चांदणी असते ती. चांदणी दिसली. धुतलेल्या शाईचा माग कुठंच नाही. आयुष्यभर फक्त कॅटलॉगात बघितलेली वस्तू माझ्या बशीत होती, आणि ती खरी होती.

बेंझिन उडून गेलं तसं मला दिसलं. हपापलेल्या डोळ्यांना आधी चांदणीच दिसली होती. आता डिंकावर जांभळं काहीतरी होतं. मी बशी उजेडाकडं नेली. कॉपिंग पेन्सिल, जिचं टोक थुंकीनं ओलं केलं की जांभळं उमटतं, त्या पेन्सिलीनं मोठं ठळक अक्षर काढलेलं. पु. थुंकीनं डिंक विरघळून चिखल झाला होता, आणि एका कोपऱ्यात जांभळा डाग कागदातून पुढं उतरून राजाच्या चौकटीला लागला होता.

मी अल्बममधलं दुसरं तिकीट उचललं. पु. तिसरं. पु. पानामागून पान, प्रत्येक तिकिटाच्या मागं पु.

"बाई, हे काय केलंत?"

"नाव घातलं," ती समाधानानं म्हणाली. "भांड्यावर घालतात तसं. त्या कांदेवाल्यानं घड्याळावर घातलं, तुमी बगितलंच की. विहारातल्या रातच्या साक्षरता वर्गात शिकलेय मी, माजं मीच लिवलं, कुनाला सांगाया गेले न्हाई. सारी रात गेली वो. आता तुमी बदललं तर मला कळंल."

मी कपाळावर हात मारला. रागावू कुणावर? आमच्याकडं लग्नात वाढायला दिलेली पळीसुद्धा नाव घातल्याशिवाय घराबाहेर जात नाही. बाईनं जगभर चालतं तेच केलं होतं, फक्त नाव घातल्यावर ज्याची किंमत जाते अशी जगातली एकच वस्तू नेमकी तिच्याकडं होती.

आता पंचाईत माझी झाली. खरं सांगितलं तर मेमसाहेबानं फसवलं नाही हे तिला कळलं असतं, पण वस्तू आपणच मातीत घातली हेही कळलं असतं. खोटं सांगून रद्दी म्हटलं असतं तर तिच्या जिवाला ती टोचणी लागली नसती, पण लिलीला दार बंद झालं असतं. मला लबाडी पकडता येते. करायला मला जमत नाही, निदान तिकिटाच्या बाबतीत. मी सगळं सांगितलं.

"हे एक तिकीट," मी म्हणालो, "चांगलं असतं तर त्यात दौंडात तुमच्या दोन पक्क्या खोल्या झाल्या असत्या. वर स्लॅब टाकून. आता खुणंमुळं कुणी शहाणा माणूस ह्याला हात लावणार न्हाई."

मला वाटलं, आता रडेल. पण तिचे डोळे बारीक झाले.

"म्हंजी चांगलं व्हतं, पन आता न्हाई. आसं?"

"व्हय."

"आन् आता तुमी म्हननार, ऱ्हाऊ द्या बाई हितंच, तसं बी काय कामाचं न्हाई."

"मला नको!" मी ओरडलो. "घेऊन जा!"

"मग रद्दीच आसंल. खरं भारी आसतं तर डाग पडलेलं बी तुमी सोडलं नसतं."

घ्या! मागितलं असतं तर मी चोर, नको म्हटलं तर तिकीट रद्दी. मी कॅटलॉग काढून चित्र दाखवलं. ती म्हणाली, कागदावर काय, कुनी बी छापतं. माझ्या तोंडून निघालेला कोणताच शब्द तिच्या लेखी खरा ठरणार नव्हता. पहिल्यांदाच मला कळलं की आपण ज्या नजरेनं लोकांकडं बघतो ती नजर समोरून येते तेव्हा किती जाचते. पण तिला तसं जाऊ देणंही मला जमेना. नाताळ तोंडावर आला होता.

"माझ्यावर विश्वास न्हाई ना?" मी म्हणालो. "मारुतरावावर हाय?"

"त्याच्यावर तर काडीचा न्हाई."

"झ्याक. मग त्यालाच दाखवू. त्याच्या बोलण्याकडं बघू नका, नुसतं तोंडाकडं बघा."

दुकानाला कुलूप लावून मी तिच्याबरोबर दौंडची एस.टी. पकडली. तिला मी डोळ्यांसमोरच हवा होतो; आधी निरोप धाडून मी मारुतरावाला पढवून ठेवलं तर? चौफुल्याला गाडी थांबली तेव्हा मी चहाला उतरलो, तर ती माझ्यामागं उतरली. वरवंडला मी लघवीला गेलो तेव्हा मात्र ती गाडीजवळ थांबली, पण मान उंच करून.

दौंडला स्टेशनबाहेर आल्यावर तिनं मला दुकानाच्या बाजूला, मारुतरावाला दिसणार नाही असं उभं केलं. "डोळ्यानं खुना करशीला," म्हणाली. मी तिला शिकवलं, तिकीट असं धरा, अंगठा ह्या कोपऱ्यावर ठेवा, डाग झाकेल. उघड्या अंगठ्यानं तिकीट धरायला मी कुणाला शिकवीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण आता बिघडायचं काय राहिलं होतं?

मारुतराव वह्यांचे गठ्ठे लावत होता. पुतळाबाई म्हणाली, "मारुतराव, पोरांना खेळाया तिकीट पायजे व्हतं ना? ह्ये चालंल का?"

मी दुकानाच्या फळ्यांच्या फटीतून बघत होतो. मारुतरावानं वळून तिकीट बघितलं आणि हातातला गठ्ठा खाली सोडला. वह्या रस्त्यापर्यंत घसरल्या, त्याचं लक्ष नाही. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "चालंल की," तो म्हणाला, पण आवाज निघेना. "चालंल. तसं काय विशेष न्हाई. पण तुम्ही आलाच आहात तर... जरा थांबा." त्यानं गल्ला उघडला, बंद केला, घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "अगं, कपाटाची किल्ली आण! पळ!"

"रद्दी हाय ना ही?" पुतळाबाईनं विचारलं.

"रद्दीच. पण मी देतो काहीतरी. तुम्ही नाराज होणार न्हाई. फक्त ते खाली ठेवा, बाई. हळू. बोट नका लावू."

तिनं अंगठा काढला आणि तिकीट उलटं करून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

मारुतराव वाकला. बघतच राहिला. मग मांजराचं शेपूट दारात सापडावं तसा त्याच्या तोंडून आवाज निघाला. "अगं बया! कोणी केलं हे? कोणी केलं?"

"मी," पुतळाबाई म्हणाली. "माजं नाव घातलं."

तो स्टुलावर बसला तो बसलाच. आधी त्यानं तिला शिव्या दिल्या, मग दुकानाला, मग कॉपिंग पेन्सिल बनवणाऱ्याला. पुन्हा तिकीट उचललं, उजेडात धरलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "जन्मात एकदा दिसतं हो असलं," तो म्हणत होता, "एकदा दिसतं. आणि माझ्याच दाराशी येऊन असं..." किल्ली घेऊन आलेली बायको दारातच थिजली.

पुतळाबाई त्याच्या तोंडाकडं पडद्यावरचा सिनेमा बघावा तशी बघत होती. मग तिनं मला आत बोलावलं आणि हळूच विचारलं, "दादा, खरं रडतोय का वो?"

मी नीट बघितलं. मारुतरावाचे वडील गेले तेव्हा मी आलो होतो. तेव्हा तो इतका रडला नव्हता. "खरं हाय," मी म्हणालो. "ह्यात लबाडी न्हाई."

तिचा चेहरा उजळला. "फशिवलं न्हाई मला," ती म्हणाली. "मेमसाबनं फशिवलं न्हाई." ती हसली, आणि हसता हसताच तिनं पदर तोंडात कोंबला. दोन पक्क्या खोल्या तिनं स्वतःच्या हातानं घालवल्या होत्या, आणि ती बाई सणाला माहेरचा निरोप आल्यासारखी आनंदली होती. मी तिच्याकडंही संशयानं बघितलं. पण तिथं पकडण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही तिथून थेट पोस्टात गेलो. तिनं परदेशाचं हवाई पत्र घेतलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "लिवा इंग्रजीत. लिलीला बोलाया येतं, पन मराठी वाचाया येत न्हाई."

माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, बाकीचं कॅटलॉगातून आलेलं. मी म्हणालो, "तू ये, वाट बघते, एवढं लिहितो."

"आन् तिकिटाचं?"

"ते कशाला? पोरीच्या आजोबांची वस्तू. उगाच तिला वाईट वाटंल."

"न्हाई. खरं लिवा. तिच्या आईनं मला खोटं न्हाई सांगितलं, मग मी कशाला सांगू?"

ती सांगत गेली आणि मी अडखळत लिहीत गेलो. लिहून झाल्यावर मी पत्राची घडी घालणार, तोच तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. पांढऱ्या कोटातला एक रेल्वेचा गार्ड मनीऑर्डर करायला रांगेत उभा होता. ती त्याच्याकडं गेली आणि म्हणाली, "साहेब, ह्यात काय लिवलंय ते मराठीत सांगा. ह्यांनी मी सांगितलं तेच लिवलंय का बगते."

मला इतका राग आला की मी निघूनच जाणार होतो. दिवसभर दुकान बंद, एस.टी.चे धक्के, आणि अजून हिची खात्री नाही! पण गार्डानं पत्र वाचायला सुरुवात केली आणि माझा पाय हलला नाही.

"लिली बेबी," गार्ड एकेक वाक्य मराठीत करत म्हणाला, "तुझ्या आईनं मला सगळ्यात चांगली वस्तू दिली होती. माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. दोन वर्षं मी तिला शिव्या घातल्या. वस्तू कोणी बदलेल म्हणून मी खूण केली, त्यात ती खराब झाली. आता तिची किंमत नाही. तिला सांग, पुतळाचं चुकलं. एवढं वाचून तुला यावंसं वाटलं तर ये. माझी पत्र्याची खोली झाडून तुझी खाट मी तिथंच टाकीन." गार्ड थांबला आणि त्यानं चष्मा काढला. "एवढंच आहे, मावशी."

स्वतःचे शब्द परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला होता. मघाचा आनंद सरला होता. तिनं पत्र घेतलं, कडा चिकटवल्या आणि पेटीपाशी गेली. तिथं मात्र हात थांबला.

"दादा," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्ये वाचल्यावर ती यील का वो?"

त्या मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आईलाही नाही. मला काय माहीत?

"यील," मी म्हणालो.

ती वळली. माझ्या तोंडाकडं तिनं बराच वेळ नीट बघितलं. मग पत्र पेटीत टाकलं.